‘सक्षमीकरण म्हणजे किती पैसे?’

प्रश्न : आमची संस्था मराठवाड्यात एकल, म्हणजे नवऱ्याविना जगणाऱ्या, महिलांसाठी काम करते. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबावं आणि तिला घरात-शेतात वाटा मिळावा, म्हणून आम्ही गावोगाव पत्रक वाटलं. मथळा होता, ‘पितृसत्ताक वैधव्य प्रथांचे निर्मूलन व एकल महिलांचे सक्षमीकरण’. पत्रकाची आणि आमच्या महिला-यादीची प्रत सोबत जोडली आहे. एका गावात बायकांनी विचारलं, ‘सक्षमीकरण म्हणजे किती पैसे?’ दुसऱ्या गावात काही जण म्हणाले, हे आपल्या धर्माच्या विरोधातलं आहे. तिसऱ्या गावात एक विधवा बाईच म्हणाली, ‘माझ्या बांगड्या पुरुषांनी नाही फोडल्या, बायकांनीच फोडल्या.’ मी म्हणते, भाषा सोपी करू. आमच्या ज्येष्ठ सहकारी म्हणतात, शब्द सोडले की विचार सुटतो, मग उरतो तो नुसता हळदीकुंकवाचा कार्यक्रम. कोणत्या बाईला कोणत्या शब्दाने संबोधायचं, यावरही संस्थेत वाद आहे, आणि देणगीदारांच्या अहवालात कोणती भाषा वापरायची याचीही काळजी आहे. आमच्यापैकी कोणाचं बरोबर?
— एक कार्यकर्ती

उत्तर :

प्रिय ताई,

तिन्ही गावांनी तुमचं पत्रक नीट वाचलेलं आहे, हे आधी लक्षात घ्या. पत्रक कुणाला कळलं नाही म्हणून हे प्रश्न आले, असं समजू नका. पत्रकात जे नव्हतं तेच त्यांनी विचारलं. पहिल्या गावाने विचारलं, यातून हाताला काय लागणार. दुसऱ्याने विचारलं, तुम्ही नेमकं काय बंद करायला सांगताय. तिसऱ्या गावातल्या बाईने विचारलं, हे करतं कोण. पत्रकात या तीन प्रश्नांची उत्तरं असती तर मथळा जड असूनही काम भागलं असतं. ती नसताना मथळा कितीही सोपा केला तरी भागणार नाही.

म्हणून तुमचं आणि तुमच्या सहकाऱ्यांचं, दोघींचं म्हणणं अर्धं अर्धं बरोबर आहे. सोपं करणं आणि सौम्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चळवळीच्या लिखाणात त्यांची सतत गल्लत होते. ‘अन्याया’च्या जागी ‘अडचण’ लिहिलं, ‘हक्का’च्या जागी ‘मदत’ लिहिलं, तर भाषा सोपी होत नाही, फक्त सौम्य होते. तुमच्या सहकाऱ्यांना भीती वाटते ती याचीच, आणि ती रास्त आहे. पण ‘पितृसत्ताक’ हा शब्द लिहिल्याने पत्रक कडक होतं, असंही नाही. तुमच्याच पत्रकातलं दुसरं वाक्य घ्या :

‘समाजात आजही विधवांना अनिष्ट रूढींच्या माध्यमातून दुय्यम स्थान दिले जाते व त्यांना मालमत्तेच्या अधिकारापासून वंचित ठेवले जाते.’

दुय्यम स्थान कोण देतं? समाज. वंचित कोण ठेवतं? तेही लिहिलेलं नाही. ‘दिले जाते’, ‘ठेवले जाते’ या क्रियापदांमागे माणूस दिसत नाही. ज्या दिराने भावजयीचा अंगठा घेतला, तोही हे वाक्य ऐकून मान डोलवेल. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याला टोचत नाही आणि जिच्यासाठी लिहिलं तिला उपयोग नाही, असं हे वाक्य आहे. ते दिसायला कडक आहे, पण आतून सौम्य आहे.

तेच असं लिहून पाहा :

‘नवरा वारल्यावर दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत घरचे म्हणतात, वारस नोंदीसाठी तालुक्याला चला. तिथे एका कागदावर सही किंवा अंगठा घेतात. कागदावर लिहिलेलं असतं, मला वाटा नको. या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. वारस नोंदीसाठी रजिस्ट्री ऑफिसात जावं लागत नाही. तिथे कुणी नेत असेल तर थांबा. कागद दुसऱ्याकडून वाचून घ्या. नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या वाट्याच्या जमिनीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हक्क आहे.’

यात एकही शब्द अवघड नाही, आणि एकही सौम्य नाही. वारस नोंद गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्याला आपण आजही तलाठीच म्हणतो, त्याच्याकडे होते. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. मग फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या कागदातल्या बदलाची, नोंद पडते, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हक्कसोडपत्राचं तसं नाही. ते दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसात, नोंदवावं लागतं. या दोन कचेऱ्यांमधला फरक बाईला कळला, तर ‘मालमत्तेचा अधिकार’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. अशी एक ओळ कमी पडली म्हणून जमिनी गेल्या आहेत.

पत्रकात आणखी दोन गोष्टी घाला, कारण गावात त्यांच्यावरूनच दिशाभूल होते. एक, बाईने दुसरं लग्न केलं तरी नवऱ्याकडून तिला वारसाने आलेला वाटा जात नाही. दोन, ही वाटणी हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आहे. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही तो लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही. ‘सर्व महिलांना समान वाटा’ असं ठोकून लिहिलंत आणि पारधी वस्तीतली बाई ते पत्रक घेऊन कचेरीत गेली, तर तिथे ती तोंडघशी पडेल. पुढचं पत्रक मग ती हातात धरणार नाही.

आता बांगड्यांकडे येऊ. त्या बाईचं म्हणणं शब्दशः खरं आहे. बहुतेक ठिकाणी हे काम बायकाच करतात, बऱ्याचदा घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या विधवा बायका. तुमच्या पत्रकात खलनायक म्हणून ‘पितृसत्ता’ आहे. ऐकणारीच्या डोळ्यांसमोर मात्र तिची आतेसासू उभी राहते, आणि तिला वाटतं, या शहरातून आलेल्या बायकांना आमच्यातलं काही ठाऊक नाही. हा शब्द चुकीचा नाही. तो फार लवकर आला, एवढंच. तिथे वाद घालत बसू नका, पुढचे प्रश्न विचारा. त्या आतेसासूने ते केलं नसतं तर तिला कोण काय बोललं असतं? भावकीत कुणाची मान खाली गेली असती? बायको वारल्यावर त्याच घरातल्या पुरुषाच्या अंगावरचं काय काढतात? तो पुढच्या लग्नकार्यात कुठे बसतो? या चार प्रश्नांची उत्तरं बैठकीतल्या बायका स्वतः देतात. मग फोडणारे हात बायकांचे असले, तरी हे करायला लावणारी एक व्यवस्था आहे आणि पुरुषाला ती लागू होत नाही, हे त्याच सांगतात. त्यांनी ते सांगितल्यावर म्हणा, ‘याला पितृसत्ता म्हणतात.’ तेव्हा तो शब्द त्यांचा होतो. तुमच्या सहकाऱ्यांना सांगा, शब्द सोडायचा नाही, फक्त त्याची जागा बदलायची. पत्रकाच्या मथळ्यातून काढायचा आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीच्या शेवटी आणायचा.

हेरवाडचा ठराव तुम्हाला माहीत असेलच, पण तो या नजरेने पुन्हा बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. वर्ष राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं होतं. त्या ठरावात कृती एकेक करून नावानिशी सांगितल्या आहेत : कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, पायातली जोडवी काढणं आणि धार्मिक-सामाजिक कार्यक्रमांतून बाईला वगळणं. १७ मे २०२२ला ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं, इतर ग्रामपंचायतींनी असा आदर्श घ्यावा म्हणून, आणि मग अनेक गावांनी ठराव केले. ‘वैधव्यविषयक अनिष्ट रूढींचे निर्मूलन’ अशा नावाने ठराव झाला असता तर तो इतका पसरला नसता, असं आमचं मत आहे. ‘निर्मूलन’ झालं की नाही, हे गावात कोणी तपासत नाही. स्मशानात बांगड्या फोडल्या की नाही, हे सगळ्या गावाला दिसतं.

पण त्यातही एक शब्द घोटाळ्याचा ठरला : ‘बंदी’. बातम्यांत ‘विधवा प्रथा बंदी’ असं आलं आणि लोकांना वाटलं, कायदा झाला, आता शिक्षा होणार. ग्रामसभेच्या ठरावाने किंवा परिपत्रकाने नवा गुन्हा तयार होत नाही. कार्यकर्त्यांनी ‘गुन्हा दाखल होईल’ असं सांगितलं, कुणी पोलिसांत गेलं आणि हात हलवत परत आलं, की तो ठराव कागदावरच राहतो आणि थट्टेचा विषय होतो. म्हणून नेमकं बोला : ‘आपल्या गावाने ठरवलं आहे.’ धमकी द्यायचीच असेल, तर ज्या कायद्यात खरंच दम आहे त्याची द्या. घरातल्यांनी बाईचा अपमान केला, टोमणे मारून छळलं किंवा तिला घराबाहेर काढलं, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ आहे. त्यात मानसिक छळ येतो आणि राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्कही येतो. घर तिच्या नावावर नसलं तरी येतो. प्रथा मोडली म्हणून जातपंचायतीने किंवा भावकीने घराला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा, २०१६ आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे बोलताना ‘वाळीत टाकणं’ म्हणा आणि तक्रारअर्जात ‘सामाजिक बहिष्कार’ लिहा. कागदावर कायद्याचाच शब्द हवा, नाहीतर ठाण्यातला माणूस ‘हे आपसातलं भांडण आहे’ म्हणून परत पाठवतो.

कुंकवाबाबत वाक्य फार जपून करा. ‘विधवांनाही कुंकू लावू द्या’, ‘कुंकू पुसू नका’ आणि ‘विधवांनी कुंकू लावावं’ ही तीन वाक्यं कानाला जवळची वाटतात, पण त्यांतून तीन वेगळे विचार जातात. पहिल्यात परवानगी दुसऱ्याच्या हातात राहते. तिसऱ्यात एका सक्तीच्या जागी दुसरी येते, आणि जिला नको आहे तिची कुचंबणा होते. चळवळीतल्या अनेकींचा जो आक्षेप आहे, की आपणच सौभाग्यलेण्यांचं माहात्म्य वाढवतो, तो या वाक्याला बरोबर लागू पडतो. मधलं वाक्य तेवढं सुरक्षित आहे, कारण ते पुसणाऱ्या हाताला थांबवतं आणि बाईला काय करायचं हे सांगत नाही. हवं तर पुढे जोडा, ‘लावायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.’ एवढं पुरे.

‘धर्माच्या विरोधात’ हा आरोप पत्रकातल्या ‘अनिष्ट रूढी’ या शब्दांनी ओढवून घेतलेला आहे. ते शब्द ऐकले की माणूस सावध होतो, आता आपल्या देवादिकांवर बोलणार असं त्याला वाटतं. आणि पुढे पत्रकात सती आणि केशवपनाचा इतिहास आहे. हा मजकूर शाळेच्या निबंधातून पत्रकांत येत राहतो, पण केशवपन ही प्रामुख्याने ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या वरच्या जातींतली चाल होती. तुमच्या गावांतल्या बहुसंख्य घरांना वाटेल, हे आमच्यात नव्हतंच, मग हे आम्हाला का सांगताय? त्यांच्याच घराण्यातला इतिहास वेगळा आहे आणि तुमच्या बाजूचा आहे. कुणबी, माळी, धनगर आणि इतर अनेक जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. त्याला म्होतूरही म्हणत. वयस्कर माणसांना हे शब्द आजही ठाऊक आहेत. पुढे वरच्या जातींचं पाहून प्रतिष्ठेपायी कित्येकांनी ते बंद केलं. बैठकीत एखाद्या आजोबांना विचारा, ‘आपल्यात पाट लागायचे का हो?’ ‘लागायचे की’ असं उत्तर बहुधा येईल. हे उत्तर आलं की ‘परंपरा मोडता’ या आरोपाची धार जाते, आणि जातीचा विषय त्यांच्याच तोंडून निघतो. जात पत्रकातून गाळू नका. ती गाळली की ‘सगळ्या बायका सारख्याच दुःखी’ असं काहीतरी गुळमुळीत उरतं.

कोणत्या बाईला काय म्हणायचं, यावर तुमच्या संस्थेत बराच वाद झालेला पत्रातून दिसतो. कार्यकर्ते यात फार वेळ घालवतात आणि चुकीच्या ठिकाणी घालवतात. ‘टाकलेली’, ‘सोडलेली’ या शब्दांऐवजी ‘परित्यक्ता’ आणणं हे मोठं काम होतं. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्ता महिलांच्या परिषदा झाल्या तेव्हा या बायका आपला प्रश्न स्वतः मांडू लागल्या. २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ शब्द वापरावा अशी सूचना मंत्र्यांकडून आली, तेव्हा टीका झाली, आणि ती बरोबर होती. जुनं ‘गं. भा.’ बाईच्या नावामागे लागतं ते नवरा गेला हे जगाला कळावं म्हणून. तशी खूण विधुराच्या नावामागे लागत नाही.

‘एकल’ शब्द चांगला आहे, संघटना बांधायला तो हवाच. पण लोकांशी बोलताना त्याची एक खोट आहे. विधवेला गाव दया दाखवतं, नवऱ्याने सोडलेलीला दोष देतं. दोघींना एका शब्दात घातलं की दुसरीचा प्रश्न पहिलीच्या आड लपतो. विधवेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मिळतो, आणि एकवीस दिवसांत नोंद केली तर ती नोंद विनाशुल्क होते. नवऱ्याने सोडल्याचा दाखला कोण देणार? कचेरीत ती अडते ती इथे. म्हणून पत्रकात एकदा तरी मोकळं लिहा : नवरा वारलेल्या, नवऱ्याने सोडलेल्या, घटस्फोट झालेल्या, लग्न न झालेल्या. अर्जावर मात्र योजनेत जो शब्द आहे तोच लिहा, मग तो तुम्हाला आवडो न आवडो. आणि समोर बसलेल्या बाईला नावाने हाक मारा. ‘आमच्या विधवा भगिनी आता मनोगत व्यक्त करतील’ हे वाक्य तुमच्या कार्यक्रमातून आजच काढा.

तुमच्या सहकाऱ्यांना ज्या हळदीकुंकवाची धास्ती आहे, तो धोका ‘सन्मान’ या शब्दातून येतो. ‘विधवांचा सन्मान सोहळा’ म्हटलं की व्यासपीठ येतं, साडी येते, पाहुणे येतात, आणि बाईला काही देणारे आपण होतो. हळदीकुंकवाला विधवांना बोलावणं ही लहान गोष्ट नाही, ज्या बाईला वीस वर्षं कुणी बोलावलं नाही तिला विचारा. पण निमंत्रणात ‘सर्व महिलांनी यावे’ एवढंच लिहून गप्प राहू नका, कारण विधवा ते वाचून ‘आपल्याला नाही’ असंच समजतात. घरी जाऊन तोंडी सांगा, आणि हळद-कुंकू आधी तिला द्या, टाळ्या वगैरे काही नको.

शब्दाने दार कसं उघडतं आणि तोच शब्द पुढे कसा आडवा येतो, हे पाहायचं तर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम अभ्यासा. शेतकरी तेव्हा कर्जमुक्ती मागत होता. संघटनेने त्याला सांगितलं, सरकारकडून कर्जमुक्ती मागतोस, तर घरातल्या लक्ष्मीचं जे देणं तुझ्यावर आहे त्यातून आधी मोकळा हो, जमीन तिच्या नावे कर. ‘महिलांना मालमत्तेत समान अधिकार’ असं म्हटलं असतं तर जो पुरुष उठून गेला असता, तो हे ऐकत बसला. ऋण, देणं, मुक्ती हे त्याचे रोजचे शब्द होते. अनेक गावांत बायकांच्या नावे खरोखर जमिनी झाल्या, आणि पुढे राज्य सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्यासाठी याच नावाची योजना काढली. हे यश कमी लेखू नये. पण त्याच शब्दाने मर्यादाही घातली. जमीन देणारा नवरा राहिला, आणि घेणारी ‘लक्ष्मी’ म्हणजे सवाष्ण. नवरा नसलेली किंवा त्याने टाकलेली या चित्रात कुठेच बसत नव्हती. नाव सातबाऱ्यावर लागलं तरी काय पेरायचं आणि माल कुठे विकायचा हे ठरवण्याची सत्ता बहुतेक घरांत सरकली नाही. तेव्हा लोकांच्या ओठावरचा शब्द उचला, पण उचलताना पाहा, त्यात कोण मावतं आणि कोण बाहेर राहतं.

पैशांचा प्रश्न आता. ‘सक्षमीकरण म्हणजे किती पैसे?’ हे विचारणं अगदी योग्य आहे. त्यात हाव नाही. सरकारी कार्यक्रमांतून हा शब्द येतो तेव्हा त्यामागे बहुतेकदा एखादी योजनाच असते, हे त्या बायका अनुभवाने शिकल्या आहेत. आकडा सांगा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा आणि परित्यक्ता महिलेला महिना १,५०० रुपये मिळतात, वय १८ ते ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात वारला, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये. अर्ज तहसील कचेरीत. ज्या बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० मिळतात तिला लाडकी बहीण योजनेचे पैसे वेगळे मिळत नाहीत, हेही स्पष्ट सांगा, म्हणजे फॉर्म भरून फेऱ्या मारायला नकोत. आकडे सांगून झाले की मगच म्हणा, हे अनुदान, आणि तो सातबाऱ्यावरचा वाटा. अनुदान शासन निर्णयाने वाढतं, थांबतं. वाटा वारसाने येतो, तो कुणी देत नाही. हा फरक एकदा कळला की ‘लाभार्थी’ आणि ‘हक्कदार’ यांतलं अंतर बाई स्वतःच सांगते. तुमच्या यादीचा रकाना मात्र आधी बदला, तिथे आजही ‘लाभार्थी महिलेचे नाव’ असं छापलेलं आहे.

छापण्याआधी पत्रक तपासायची पद्धत साधी आहे, तरी संस्था ती करत नाहीत, कारण मजकूर कचेरीत मंजूर होतो आणि थेट छपाईला जातो. सहा माणसं घ्या : वेगवेगळ्या वयाच्या तीन विधवा, एक सासू, नवऱ्याने सोडलेली एक बाई आणि एक पुरुष. कुणीही पत्रक लिहिण्यात नसावं. मजकूर एकदा वाचून दाखवा, कागद बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, ‘शेजारणीला सांगायचं झालं तर काय सांगाल?’ त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. काय करू नये, कोण करतं आणि आता कुठे जायचं, या तिन्ही गोष्टी सहापैकी चौघांनी सांगितल्या तर छापा. दोघांनाच सांगता आल्या तर पुन्हा लिहा. बऱ्याचदा त्या सहांपैकी कुणीतरी तुमच्यापेक्षा चांगलं वाक्य बोलून जातं. तेच मथळ्यात घ्या. सासूला आणि पुरुषाला वगळू नका. मजकूर ऐकताना त्यांचा चेहरा कुठे बदलतो ते बघा, गावात वाद तिथूनच निघणार आहे.

पत्रक ए-फोरच्या अर्ध्या आकाराचं, दीडशे शब्दांच्या आत. टाइप सोळा पॉइंटाच्या खाली नको, कारण ते चूल-कंदिलाच्या उजेडात किंवा चष्म्याशिवाय वाचलं जातं. एका पत्रकात एकच गोष्ट. प्रथांचं वेगळं, जमिनीचं वेगळं, अनुदानाचं वेगळं. तिन्ही एकत्र केलीत की गावात चर्चा फक्त कुंकवाची होते आणि जमीन मागे पडते, आणि ज्यांना जमीन द्यायची नाही त्यांना तेच हवं असतं. व्हॉट्सॲपवर मजकुरापेक्षा साठ-सत्तर सेकंदांचा आवाज पाठवा, त्याच भागातल्या बाईच्या बोलीत. पुण्या-मुंबईच्या निवेदिकेचा आवाज नको.

देणगीदारांच्या अहवालाची काळजी तुम्ही लिहिली आहे. तिथे ‘लिंगभाव’, ‘पितृसत्ता’, ‘सक्षमीकरण’ खुशाल लिहा, ते वाचणाऱ्यांची ती भाषा आहे. फक्त अहवालातून वाक्य उचलून पत्रकात टाकू नका. पत्रक आधी लिहा आणि त्यावरून अहवाल करा. उलट केलं की काय होतं ते तुमच्या मथळ्यात दिसतंच आहे.

आणि ग्रामसभेचं. ठराव आधी महिला सभेत घ्या, ती ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते. ठरावाचा मजकूर घरून लिहून न्या, कृतींची नावं घालून : पुसणार नाही, तोडणार नाही, फोडणार नाही, कार्यक्रमातून वगळणार नाही, तेराव्याच्या आत कोणत्याही कागदावर तिची सही घेणार नाही. हे शेवटचं कलम हेरवाडच्या ठरावावर तुमची भर आहे, त्यासाठी विरोध सोसावा लागला तरी ते सोडू नका. सभा संपल्यावर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्याला आपण आजही ग्रामसेवकच म्हणतो, इतिवृत्त स्वतःच्या सवयीने लिहितो, ‘महिलांच्या विविध समस्यांवर सविस्तर चर्चा करण्यात आली’. ते लिहून होईपर्यंत तिथेच बसा, मोठ्याने वाचायला लावा आणि तुमचा मजकूर जसाच्या तसा उतरल्याशिवाय त्याखाली बायकांच्या सह्या होऊ देऊ नका.